मार्चचं डॅफोडिल आणि फाल्गुनाचा पळस

तुमचा जन्म कोणत्या महिन्यातला? जानेवारीतला असेल तर तुमचं फूल कार्नेशन. फेब्रुवारीचं व्हायोलेट, मार्चचं डॅफोडिल, एप्रिलचं डेझी, मेचं लिली ऑफ द व्हॅली आणि जूनचा गुलाब. जुलैला लार्कस्पर, ऑगस्टला ग्लॅडिओलस, सप्टेंबरला अ‍ॅस्टर, ऑक्टोबरला झेंडू, नोव्हेंबरला शेवंती आणि डिसेंबरला नर्गिस. ही यादी तुम्ही कुठं ना कुठं पाहिली असेल. भेटकार्डांवर असते, चहाच्या मगावर असते, आणि आता तर वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन पडते. तुमचं फूल अमुक, म्हणून तुमचा स्वभाव तमुक, असं त्याखाली लिहिलेलं असतं.

मी राहतो चिंचवडला. आमच्याकडे मार्चमध्ये पारा अडतीस-एकोणचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हात डॅफोडिलचा कांदा जमिनीत उकडून निघेल. मार्चमध्ये जन्मलेल्या आमच्या मुलानं आपलं फूल पाहायचं म्हटलं, तर त्याला थेट विलायत गाठावी लागेल. म्हणजे यादी चुकीची आहे असं नव्हे. ती बरोबरच आहे, पण दुसऱ्या एका बागेची आहे. बर्फ वितळल्यावर वर येणारं डॅफोडिल, वसंतातलं डेझी, जूनमध्ये बहरणारा गुलाब, हा सगळा युरोपातल्या, विशेषतः इंग्लंडमधल्या बागेचा क्रम आहे. तिथल्या माळ्याला ही यादी पाठ करावी लागत नाही. त्याच्या खिडकीतून ती दिसते.

फुलांना अर्थ चिकटले ते मात्र थोडं फिरून. १७१७-१८ मध्ये लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज वकिलाची बायको कॉन्स्टँटिनोपलला होती. तिथल्या बायका फुलं, फळं, दोरा, मिरे अशा वस्तू पुडीत बांधून निरोप पाठवतात आणि प्रत्येक वस्तूला ठरलेला अर्थ असतो, असं तिनं एका पत्रात कळवलं. ही पत्रं तिच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापून निघाली. पुढं १८१९ मध्ये पॅरिसला शार्लोट द लातूर या टोपणनावानं फुलांच्या भाषेवर एक पुस्तक निघालं आणि मग अशा पुस्तकांचा पूर लोटला. १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये चित्रकार केट ग्रीनअवे यांनी काढलेलं छोटं, देखणं पुस्तक आजही छापलं जातं. त्या पुस्तकात झेंडूच्या वर्गातल्या फुलापुढं, म्हणजे मेरीगोल्डपुढं, अर्थ काय लिहिला आहे माहीत आहे? शोक!

ज्या फुलाचं तोरण आपण दसऱ्याला दारावर लावतो, नवी गाडी घेतली की जे बॉनेटवर माळतो, त्याचा अर्थ शोक! यामागं गंमत आहे ती एका शब्दाची. फ्रेंच भाषेत त्या पिवळ्या फुलाला ‘सुसी’ म्हणतात आणि काळजी, चिंता यालाही ‘सुसी’च म्हणतात. फुलाचा शब्द आला सूर्यामागं फिरणारं अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. चिंतेचा आला दुसऱ्याच मुळातून. उच्चार एक झाले आणि बिचाऱ्या फुलाच्या नशिबी चिंता आली. शिवाय ते फूल म्हणजे युरोपातलं कॅलेंडुला. आपला झेंडू त्या घराण्यातला लांबचा भाऊ, पण इंग्रजी नाव सारखं म्हणून भावाचा आळ त्याच्यावरही आला. म्हणून मी म्हणतो, फुलांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या वाचाव्यात जरूर, पण त्यावरून सोयरीक मोडू नये.

महिन्याची आणि फुलाची जोडी पक्की झाली ती बाजारात. जन्मरत्नांची गोष्ट तर अगदी उघड आहे. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं कोणत्या महिन्याला कोणतं रत्न, हे ठराव करून नक्की केलं. फुलांच्या बाबतीत असा एकच ठराव नाही, म्हणून एकेका महिन्याला दोन-दोन फुलं सापडतात. पण दिशा तीच. १९१० मध्ये अमेरिकेतले फूलविक्रेते तारेनं मागणी घेऊन दुसऱ्या गावी फुलं पोचवू लागले होते. वाढदिवसाला कोणतं फूल पाठवावं, या प्रश्नाचं उत्तर तयार असणं त्यांच्या फायद्याचंच होतं.

बारा महिन्यांना बारा झाडं वाटून देण्याची हौस फक्त युरोपची नाही. जपानात हानाफुदा नावाचे पत्ते असतात. महिन्याला चार, असे अठ्ठेचाळीस पत्ते. पहिल्या महिन्याला पाइन, दुसऱ्याला प्लम, तिसऱ्याला चेरी, नवव्याला शेवंती. (व्हिडिओ गेमसाठी आपली मुलं जिचं नाव घेतात ती निन्टेंडो कंपनी १८८९ मध्ये हेच पत्ते बनवण्यासाठी निघाली होती.) तिथं ते फूल जन्मलेल्याचं नसून महिन्याचं आहे, एवढाच फरक.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे माणसाच्या जन्माशी झाड जोडलं गेलं ते महिन्यावरून नव्हे, तर नक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रं आणि प्रत्येकाचा एक आराध्यवृक्ष. ‘शारदातिलका’सारख्या जुन्या ग्रंथांत ही यादी येते, पंचांगांतही छापलेली असते. रोहिणीला जांभूळ, कृत्तिकेला उंबर, पुष्याला पिंपळ, मघाला वड, पूर्वेला पळस, चित्राला बेल, ज्येष्ठाला सावर, शततारकेला कळंब, पूर्वाभाद्रपदेला आंबा, रेवतीला मोह. याद्यांमध्ये थोडे पाठभेद आहेत, पण गाभा हाच. आपल्या नक्षत्राचं झाड तोडू नये, शक्य तर लावावं, असा संकेत आहे. माझा पत्रिकेवर फारसा विश्वास नाही; पण ज्या रूढीमुळे माणूस एका तरी झाडावर कुऱ्हाड चालवत नाही, तिला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही.

आता आमच्या पट्ट्यातल्या गावांची नावं घ्या. पिंपरीत पिंपळ आहे. चिंचवडात चिंचही आहे आणि वडही. निगडी म्हणजे निर्गुडी. तळेगावच्या बाजूला नवलाख उंबरे, हिंजवडीच्या शेजारी जांबे, आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आंबेठाण आणि सावरदरी. आज ज्या नावांच्या पाट्यांखाली कंटेनरच्या रांगा उभ्या असतात, ती नावं एके काळी झाडांवरून पडली. नक्षत्रवृक्षांची यादी शेजारी ठेवली तर पिंपरी पुष्याची, चिंचवडातला वड मघाचा, उंबरे कृत्तिकेचं, सावरदरी ज्येष्ठेची, असा जोड लागत जातो. मराठी महिन्यांची नावंही नक्षत्रांवरूनच आली आहेत. ज्या महिन्यात पुष्याजवळ पौर्णिमेचा चंद्र, तो पौष. मघाजवळ, तो माघ. चिंचवडच्या मंगलमूर्तींची मोरगावची यात्रा भाद्रपदात निघते तशी माघातही निघते. हा जोड कुणी ठरवून घातलेला नाही, पण मला तो आवडतो. चिंचेला मात्र या सत्तावीस जणांत जागा नाही. ती आली आफ्रिकेतून, फार पूर्वी, आणि आपल्या आमटीत शिरली. पत्रिकेत तिला शिरता आलं नाही.

कृत्तिका नक्षत्रावर जन्मलेल्यांची थोडी पंचाईत आहे. कारण उंबराचं फूल दिसत नाही. खूप दिवसांनी आलेल्या पाहुण्याला ‘उंबराचं फूल झालात की’ असं आपण म्हणतो, ते त्यामुळंच. वास्तविक उंबराला फुलं असतात, शेकडो असतात; पण ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत, आणि तिथं शिरतो तो फक्त एक चिमुकला कीटक. पिंपळाचं आणि वडाचंही तसंच. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या नावातली दोन मोठी झाडं फुलांच्या भेटकार्डाला निरुपयोगीच.

पळस मात्र उघड्यावर फुलतो. पूर्वा म्हणजे पूर्वाफाल्गुनी. तिचा वृक्ष पळस, आणि तो फुलतो नेमका फाल्गुनात, पान गळून गेल्यावर, उघड्या माळावर. आपल्या मार्चचं फूल विचाराल तर ते हे. त्याच सुमारास तुकाराम बीज येते, देहूला माणसं लोटतात, आणि उन्हाची काहिली सुरू झालेली असते. ज्याला डॅफोडिल मिळत नाही त्यानं त्या दिवसांत जरा चाकणच्या पुढं जाऊन यावं.

फूल आणि महिना यांची गाठ हा नुसता कवींचा कारभार आहे असं मात्र समजू नका. झाडाला महिना खरोखर कळतो. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की अनेक झाडं दिवसाच्या लांबीवरून फुलायची वेळ ठरवतात. पुढच्या प्रयोगांतून कळलं, की झाड खरं तर रात्र मोजतं. आमच्या भागात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकराचा. फरक सव्वादोन तासांचाच, पण शेवंतीला तेवढा पुरतो. रात्र लांबू लागली की ती कळ्या धरते. म्हणून ती जपानी पत्त्यांत शरदात, इंग्रजी यादीत नोव्हेंबरात आणि आपल्याकडे आश्विन-कार्तिकापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारपर्यंत. तीन देशांनी एकमेकांना न विचारता तिला साधारण एकाच ऋतूत बसवलं, कारण तिनंच तसं सांगितलं होतं. पॉलिहाऊसमधला शेतकरी तिला फसवतो. फुलं लांबवायची असली तर रात्री दिवे लावतो, लवकर हवी असली तर दुपारी काळं कापड ओढून संध्याकाळ करतो.

झेंडूही लहान दिवसांत लवकर फुलणारा. तो मूळचा मेक्सिकोचा, आपल्याकडे आला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्या वेळी अख्ख्या इंद्रायणीकाठी झेंडूचं एक रोप नव्हतं. आज त्याच्याशिवाय दसरा होत नाही. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचं स्मरण करतात, तेव्हा घरापासून कबरीपर्यंत याच फुलांचा सडा असतो. इंग्रजी यादीत तो ऑक्टोबरचा. या फुलानं एवढा समुद्र ओलांडला, पण महिना फारसा सोडला नाही.

खंडेनवमीला आमच्या भागातला एखादा कारखाना पाहावा. एरवी तेलानं माखलेलं लेथ मशिन धुऊन-पुसून हळदीकुंकू लावून उभं असतं. प्रेसला हार, फोर्कलिफ्टला हार, गेटच्या बूमलाही हार. सुरुवातीला शेतातली अवजारं आणि शस्त्रं यांची पूजा होती. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, कारखाने उभे राहत गेले आणि नांगराची पूजा मशिनवर आली. पुरोहित वेगळे, भाषा वेगळ्या, बिहारचा कामगार विश्वकर्मापूजा म्हणून आधीच एकदा नारळ फोडून मोकळा झालेला. पण फूल तेच.

या दिवसासाठी फुलं काढणाऱ्या शेतकऱ्याची कसरत मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. सण चालतो चंद्रावर, रोप चालतं सूर्यावर. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा गेला २४ ऑक्टोबरला. २०२५ मध्ये तो आला २ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक. लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांनी फूल येतं, म्हणजे पंचांग पाहून उलटी मोजणी करायची, त्यात परतीचा पाऊस धरायचा, आणि एवढं करून सगळ्यांचीच मोजणी बरोबर आली की भाव कोसळतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला पडलेले झेंडूचे ढीग तुम्हीही पाहिले असतील. ग्रीनअवेबाईंचा अर्थ मला तेवढ्यापुरता पटतो.

आता मुख्य अडचणीकडे येतो. जन्ममहिन्याचं फूल शोधायला मुळात जन्ममहिना माहीत हवा. गेली काही वर्षं मी या पट्ट्यातल्या जुन्या कामगारांच्या आणि त्यांच्या घरातल्या बायकांच्या आठवणी लिहून घेतो आहे. जन्मतारीख विचारली की बहुतेक जण सांगतात : १ जून. सातारचा १ जून, बीडचा १ जून, मावळातलाही १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना, जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा पोरगं सहा वर्षांचं बसावं, या हिशेबानं तारीख टाकून दिली. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभराचा कायदा झाला १९६९ मध्ये. त्याआधीच्या पिढीत अनेकांची पहिली लेखी नोंद शाळेच्या दाखल्यावरचीच. तीच तारीख पुढं कंपनीच्या कार्डावर गेली, तीच प्रॉव्हिडंट फंडाला लागली. १ जूनचा जन्म असला की निवृत्ती ३१ मेला. त्यामुळं महाराष्ट्रात दर ३१ मेला नारळ आणि शाल घेऊन घरी जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते. इंग्रजी यादीप्रमाणं पाहिलं तर ही सगळी माणसं गुलाबाची!

पण त्यांना खरा महिना माहीत नसतो असं नाही. तो कागदावर नसतो, एवढंच. जरा गप्पा वाढल्या की एखादी आजी सांगते, “शिमग्याच्या आदली मी. पळस फुलला व्हता, असं आय म्हनायची.” कोकणातून आलेला कुणी सांगतो, की आंब्याला मोहर होता आणि धुकं पडलं होतं. कुणी भातलावणीत जन्मलेलं असतं, कुणी भलरीच्या दिवसांत. एका बाईंनी मला सांगितलं, “गवर गेली आणि तिसऱ्या दिवशी मी.” मी पंचांग काढलं, अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेला पूजा, मुळावर विसर्जन, तिथून तिसरा दिवस. वर्ष अंदाजानं धरलं तरी महिना आणि पंधरवडा पक्का निघाला. सरकारी दाखल्यापेक्षा ही नोंद किती तरी बिनचूक. तिला आपल्या जन्माचं फूल सांगायला कुठल्याही यादीची गरज नव्हती. गौरी म्हणजे तेरडा.

ही नोंद टिकते कशावर, तर फूल आपल्या वेळेला, आपल्या जागी दिसण्यावर. तिथंच आमच्या भागात उलथापालथ झाली आहे. तळेगावजवळ एमआयडीसीनं चक्क फुलांसाठी फ्लोरिकल्चर पार्क काढला. जी संस्था कारखान्यांना भूखंड देते तिनंच गुलाबालाही भूखंड दिला. आणि मावळात पॉलिहाऊसं उभी राहिली. मावळातल्या गुलाबाचा महिना कोणता? फेब्रुवारी. चौदा फेब्रुवारीचा व्हॅलेंटाइन डे धरून डिसेंबरच्या मध्याला छाटणी करतात, पंचेचाळीस-पन्नास दिवसांचा हिशेब लावतात, आणि जानेवारीच्या अखेरीपासून दांडे कापायला सुरुवात होते. दांड्याची लांबी मोजून वीस-वीसच्या जुड्या, शीतगृहात दोन ते चार अंश तापमान, आणि मग मुंबईच्या विमानतळावरून परदेश. त्या दिवसांत थंडी वाढली तर कळी उशिरा, कमी झाली तर लवकर. चार दिवस इकडचे तिकडे झाले की वर्षाचं गणित हुकतं. बाहेर केनिया आणि इथिओपियाचा गुलाब स्पर्धेला असतोच. इंग्रजी यादीतला जूनचा गुलाब आमच्याकडे जूनमध्ये उघड्यावर असेल तर मृगाच्या पावसात पाकळ्या गाळून बसतो, त्याच्या पानांवर काळे ठिपके पडतात.

या शेतीबद्दल माझी तक्रार नाही. मावळातल्या किती तरी घरांत यावर मुलं शिकली. पण ज्या फुलाला बाजारभाव आहे त्यालाच महिना मिळतो, हे मात्र दिसतं. तेरड्याला पॉलिहाऊस कोण बांधणार? ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याला आधीच बदनाम करून ठेवलं आहे. तो उगवतो पावसाळ्यात, डोंगराच्या उतारावर, बांधाला, पडीक जमिनीवर. आणि पडीक जमीन हीच औद्योगिक वसाहतीला पहिली लागते. भामचंद्र डोंगराच्या आसपास आणि चाकणच्या टप्प्याटप्प्यानं वाढलेल्या वसाहतीत सपाटीकरण झालं की वरची माती जाते, आणि मातीबरोबर बीही जातं. एखाद्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला, गुलाबी फुलं दिसतात. ती राहिलेली.

गौरीच्या आदल्या दिवशी चिंचवडच्या बाजारात तेरड्याच्या जुड्या येतात. गिऱ्हाईक उलटून पाहतं, कारण गौर मुळासकट लागते. मूळ तुटलेली कुणी घेत नाही. मी जिच्याकडून घेतो ती मावळातली बाई मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. मागच्या खेपेला जुड्या नेहमीच्या निम्म्याच होत्या. “मावशी, कमी का आणल्यात?” म्हणून विचारलं, तर म्हणाली, “पयली आमच्या वाडीच्या मागंच व्हती. आता कामशेतच्या पल्याड जावं लागतं. पहाटच्या लोकलला एवढीच चढवता येत्यात.”